एका चित्रपुस्तकाची उत्तरसूची

प्रश्न आधी आणि उत्तर नंतर, अशी जगाची समजूत आहे. आमच्या धंद्यात ते उलटं असतं. आम्ही शाळेच्या मुलांसाठी गाईडं छापतो. उत्तर आधी पक्कं करायचं आणि मग त्याला साजेसा प्रश्न बघायचा, मुलाची नोकरी पक्की झाल्यावर मुलगी बघतात तसा. गाईडची शेवटची पानं, म्हणजे उत्तरसूची, हा माझा प्रांत. त्यामुळे पुस्तक कुठलंही असो, मी ते मागून उघडतो. बायको म्हणते, मला बघायला आलात तेव्हासुद्धा तुम्ही आधी दारातल्या चपला बघितल्यात. पण तो विषय वेगळा.

तर आमच्या मुंगीच्या वर्गाच्या बाईंनी ते चित्रांचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं, तेव्हा मी सवयीने शेवटचं पान उघडलं. ते कोरं होतं. म्हटलं, उत्तरांची पानं गळली असतील. मग पुढून उघडलं. पहिल्या पानावर एक मोठा पिवळा गोळा, एका अंगाला कललेला. दुसऱ्यावर निळे पट्टे आणि मधेच एक लाल ठिपका. तिसऱ्यावर काळ्या रेघा एकमेकींच्या अंगावरून धावत सुटलेल्या. चौथ्यावर करड्या रंगाचा एक ओघळ, वर बारीक आणि खाली फुगलेला. पुढेही सगळं असंच. खाली एक अक्षर नाही. आकृती क्रमांक नाही, ‘निरीक्षण करून लिहा’ नाही, काही नाही.

“याची उत्तरं?” मी विचारलं.

“उत्तरं नाहीत,” बाई म्हणाल्या. “मुलांना घेऊन बसायचं, चित्र बघायचं आणि काय दिसतं त्यावर गप्पा मारायच्या. यात चूक-बरोबर नसतं.”

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावरून तर शहाण्या वाटत होत्या.

मुंगी हे माझ्या मुलीचं घरातलं नाव. माझ्या आईने ठेवलेलं. घरभर फिरते, सगळीकडे पोचते, पण चाहूल म्हणून लागत नाही, त्यावरून. तिला बोलता येत नाही असं अजिबात नाही. न्हाणीघरात नळाशी बोलते, जिन्यातल्या मांजराशी बोलते, आणि बाहुलीला रागावते तेव्हा तर ऐकत राहावं. डॉक्टरांनी कान, घसा सगळं बघून ‘हिला काहीही झालेलं नाही’ असं सांगितलं होतं. फक्त मोठं माणूस समोर आलं की तिचं तोंड मिटतं. शाळेत तर वर्ष संपत आलं तरी एक शब्द नाही. हजेरीला हात वर करते, तेवढाच.

आणि आता मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणत होत्या की मूल बोललंच नाही तर त्याला आलं की नाही हे आम्ही ओळखायचं कसं? सुट्टी लागण्याआधी मुंगी त्यांच्यासमोर या पुस्तकातल्या कुठल्याही एका चित्राबद्दल दोन वाक्यं बोलली, तर पहिलीत. नाहीतर आणखी एक वर्ष बालवर्ग. बाकावरची तिची एकुलती एक मैत्रीण पुढे जाणार आणि ही मागे राहणार. हे सगळं चाललं होतं तेव्हा मुंगी माझं बोट धरून उभी होती. तिने ते घट्ट दाबलं.

मोठ्या बाई तिच्यासमोर वाकल्या. “काय गं बाळ, तुला चित्रं आवडतात ना?”

“खूप आवडतात,” मी म्हटलं.

“कुठला रंग आवडतो तुला?”

“निळा,” मी म्हटलं.

मुलाखत चांगली चालली होती. मोठ्या बाईंनी मात्र का कोण जाणे, चष्मा काढून बराच वेळ पुसला.

घरी आल्यावर मी वेळ घालवला नाही. शुभस्य शीघ्रम्. मुंगीला मांडीवर घेतलं, पुस्तक उघडलं, पिवळ्या गोळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे काय आहे?” मुंगी बघत राहिली. “सूर्य!” मी म्हटलं. “शाब्बास! आणि हे निळं? समुद्र! वा! अगदी बरोबर!”

“शाब्बास कुणाला दिलीत?” आतून बायकोने विचारलं.

माझी बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नजर तपासते. दिवसभर समोरच्या पाटीवरची अक्षरं माणसांकडून वाचून घ्यायची आणि नंबर काढायचा, हे तिचं काम. त्यामुळे ‘काय दिसतं’ या विषयावर तिला अधिकाराने बोलण्याची सवय आहे. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, आमच्याकडे काही पेशंट असे येतात की पाटी पाठ करून येतात. दिसत काही नसतं, पण अक्षरं धडाधड म्हणतात. चष्मा चुकीचा लागतो आणि मग जिन्यावरून पडतात. दिसत नसेल तर ‘दिसत नाही’ म्हणावं. त्यात काय लाज?”

मी म्हटलं, “इथे दिसण्याचा प्रश्न नाही, पास होण्याचा आहे.”

एवढ्यात आईने पुस्तक ओढून घेतलं. “सूर्य कसला? हा खडा आहे.” आईचं पूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि निघालेले खडे तिने एका बाटलीत जपून ठेवले आहेत. आलेल्या-गेलेल्यांना ती फोटोंचा अल्बम दाखवत नाही, बाटली दाखवते. तिने कपाटातून बाटली आणली, पुस्तकाशेजारी ठेवली आणि त्यातला सगळ्यात मोठा खडा निवडून म्हणाली, “बघ. हाच. असाच एका बाजूला कलता आहे. यांना माझा खडा मिळाला कुठून?”

आता खडा की सूर्य? मी पेचात पडलो. घरातल्या घरात पहिल्याच चित्राला दोन उत्तरं, मग परीक्षेत मुलीने म्हणायचं काय? आईचं मन मोडवत नव्हतं, पण मोठ्या बाईंसमोर पित्ताशयाचा विषय निघणंही बरं नव्हतं. शेवटी मी ठरवलं, मूळ उत्तरसूचीच मिळवायची. पुस्तक आहे म्हणजे सूची असणारच. फक्त ती शिक्षकांच्या प्रतीला जोडलेली असणार आणि आपल्याला देत नसणार. मी धंद्यातला माणूस, मला असली गुपितं ठाऊक आहेत.

अर्धी रजा टाकून मी ज्यांनी ते पुस्तक छापलं त्यांच्या कचेरीत गेलो. तिथे विक्रीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी संपादनाकडे पाठवलं, संपादनात सगळे चहाला गेले होते, आणि चहाच्या ठिकाणी भेटलेल्या एकाने सांगितलं की पुस्तकात काही नसेल तर ते तक्रार विभागाचं काम. तक्रार विभाग म्हणजे जिन्याखालची एक खिडकी. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “पान गळलंय, उलटं लागलंय, की शिवण सुटलीय?”

“उत्तरं नाहीत.”

“तसं आमच्याकडे नाही. तिन्हींपैकी एक सांगा.”

मी म्हटलं, “मग गळलंय म्हणा.”

बाईंनी पुस्तक चाळलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. “अहो, ही तर सगळी प्रतच गेलीय. रंग सांडलाय छपाईत. असं आलंच कसं बाहेर?” आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी एक भला मोठा रबरी शिक्का उचलून चौथ्या पानावर हाणला. ‘सदोष’ असा तो शिक्का होता. शाई ओली होती की पान गुळगुळीत होतं, कोण जाणे, पण अक्षर एकही उमटलं नाही. त्या करड्या ओघळाच्या पोटाशी एक जांभळा लांबट गोळा तेवढा उठला. “दुसरी प्रत आली की कळवू,” असं म्हणून बाई पुस्तक फडताळात टाकणार, तेवढ्यात मी खिडकीतून हात घालून ते धरलं. पुस्तक शाळेचं होतं. त्या आतून ओढत होत्या, मी बाहेरून. मागच्या रांगेतले लोक माझी समजूत घालत होते. मी तीन पदव्यांचा मनुष्य आहे, आणि एका जिन्याखाली, खिडकीत खांद्यापर्यंत अडकून, ‘सोडा हो माझं पुस्तक’ असं ओरडत होतो. शिक्षणाने माणूस कुठे पोचेल सांगता येत नाही.

पुस्तक मिळालं. शिक्काही बरोबर आला.

मूळ सूची नाही म्हटल्यावर ती आपणच तयार करणं भाग होतं. एकट्याच्या मताला किंमत नाही, हे आईच्या खड्याने सिद्ध झालं होतं. तेव्हा दहा जणांना विचारायचं आणि बहुमताला येईल ते बरोबर, अशी शास्त्रीय पद्धत मी ठरवली. मुंगीचं बोट धरलं, पुस्तक काखेत मारलं आणि आमच्या इमारतीतली दारं वाजवायला सुरुवात केली.

आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली. आमच्या इमारतीतले लोक एरवी ‘काय, बरंय ना?’ याच्यापलीकडे एकमेकांशी बोलत नाहीत. पण ‘यात तुम्हाला काय दिसतं?’ एवढं विचारायचा अवकाश, की माणूस आत बोलावतो, खुर्ची देतो आणि सोडत नाही. तळमजल्यावरच्या शिंप्याला निळ्या पट्ट्यांत त्याने पहिल्यांदा बिघडवलेला शर्ट दिसला आणि तो बिघडला कसा हे त्याने मला दोन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून सांगितलं. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना काळ्या रेघांत त्यांची जुनी सायकलवाट दिसली, मग त्या वाटेवरचं एक घर दिसलं, मग त्या घरातून पाणी विचारणारी कुणीतरी दिसली. तेवढ्यात त्यांच्या सौ. बाहेर आल्या आणि पोस्टमास्तर म्हणाले, “तारा आहेत. विजेच्या तारा.” मी वहीत ‘तारा’ लिहिलं.

मुंगी प्रत्येक घरी माझ्या शेजारी बसायची आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. मी मधेमधे तिला विचारायचो, “काय गं, पटलं ना? हो, पटलं तिला.”

असं सुरळीत चाललेलं असताना आम्ही सेक्रेटरींकडे गेलो. इमारतीचे सेक्रेटरी हा फार जबाबदार माणूस. जिन्यात पाय कसा टाकावा याचीही त्यांनी सूचना लावलेली आहे. त्यांनी चौथं पान बघितलं मात्र, ताडकन उठले. “हा फोटो तुम्ही कधी काढलात?”

“फोटो नाही, चित्र आहे.”

“मला शिकवू नका. ही माझ्या न्हाणीघराच्या छतावरची ओल आहे. हा वरचा बारीक ओघळ, हा खालचा फुगवटा. आणि हे जांभळं बघा, बुरशी! गेल्या आठवड्यात नव्हती ही बुरशी!” त्यांनी मला हाताला धरून न्हाणीघरात नेलं. छतावर खरोखरच एक ओल होती, आणि खोटं कशाला बोलू, साम्य होतं.

सेक्रेटरींच्या बरोबर वर राहतात गायनाच्या बाई. ओल वरून येते म्हणजे गायनाच्या बाईंकडून येते, आणि आता त्याचा छापील पुरावाही मिळाला, अशा आनंदात सेक्रेटरी पुस्तक घेऊन तरातरा वर गेले. मी मागे, माझ्यामागे मुंगी. गायनाच्या बाईंनी पान बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. “राजहंस,” त्या म्हणाल्या. “मान खाली घातलेला राजहंस. पोटाशी पिल्लू घेऊन बसलाय.”

“ओल आहे ती,” सेक्रेटरी म्हणाले. “तुमची.”

“ज्याच्या मनात ओल त्याला ओलच दिसणार!”

“माझ्या मनात नाही हो, छतात आहे!”

पुढचं भांडण मी सांगत नाही, कारण ते मला आयुष्यभर याच इमारतीत राहून निस्तरायचं आहे. सेक्रेटरींनी प्लंबरला बोलावलं. प्लंबरने चित्र आडवं धरलं, उभं धरलं, नखाने खरवडून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, “भिंत फोडावी लागेल.” कुठली भिंत, असं कुणीतरी विचारल्यावर तो म्हणाला, “ते फोडल्यावर कळेल.”

रविवारी सर्वसाधारण सभा भरली. विषय पहिला आणि शेवटचा, पान चौथे. पुस्तक टेबलावर मधोमध ठेवलं होतं आणि लोक पुरावा बघायला रांगेने येत होते. ओलीच्या बाजूने तळमजला, राजहंसाच्या बाजूने वरचे मजले. आई दोन्हीकडे नव्हती, ती बाटली घेऊन आली होती. मी उभा राहून नम्रपणे म्हटलं की मला फक्त बहुमत हवं आहे, भांडण नको. त्यावर दोन्ही बाजू माझ्याकडे वळल्या. ही सगळी आग लावली कुणी, या प्रश्नाला मात्र सभेत एकच उत्तर निघालं. राजहंस थोड्या मतांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली की सामाईक जागेत पूर्वपरवानगीशिवाय कोणीही कोणालाही चित्रे दाखवू नयेत. शिकलेल्या माणसाबद्दल जिन्यात असं लागणं बरं दिसत नाही. बायकोने ती सूचना वाचली आणि वर येईपर्यंत हसत होती.

त्याच सूचनेखाली मला मुंगी सापडली. पायरीवर बसली होती, मांडीवर पुस्तक उघडं, समोर जिन्यातलं मांजर. मी वरच्या वळणावर थबकलो.

“तुला काय दिसतं?” तिने मांजराला विचारलं. अगदी स्पष्ट आवाज. आणि मग ती गप्प बसून राहिली. मांजर काय बोलणार? तरी ती थांबली होती, हनुवटी गुडघ्यावर ठेवून, त्याच्या तोंडाकडे बघत. त्याने शेपटी हलवली. ती थांबलेलीच. मला कळेना, ही वाट कसली बघते आहे. एवढा वेळ फुकट जातोय हे मला बघवेना, म्हणून मी पुढे होऊन म्हटलं, “उंदीर! त्याला उंदीर दिसतो. हो की नाही रे?”

मांजर उठून गेलं. मुंगीने पुस्तक मिटलं आणि तीही गेली.

उत्तरसूची मात्र तयार झाली. पान पहिले, सूर्य. आईला न सांगता. पान दुसरे, समुद्र. पान तिसरे, विजेच्या तारा. पान चौथे, राजहंस, पिलासह. मी रोज संध्याकाळी मुंगीकडून ती घोटून घेऊ लागलो. घोटून घेणं म्हणजे मी पान उघडायचो, मी विचारायचो, मी सांगायचो आणि मी शाब्बास म्हणायचो. पाठ तर झालं असणार. मला स्वतःला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली, “मला भीती वाटते हो.” ती असं कधी बोलत नाही. मलाही वाटत होती. मुंगी पुढच्या वर्षी त्याच वर्गात, नव्या छोट्या मुलांत, एकटी बसलेली मला सारखी दिसत होती, आणि त्या चित्राला काही दुसरं उत्तर सुचत नव्हतं. मी म्हटलं, “काही काळजी करू नकोस. सूची पक्की आहे.”

मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला त्या आणि वर्गाच्या बाई, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं. शिपाईमामा पाण्याचे पेले ठेवून दाराशी रेंगाळले. मुंगीचे पाय खुर्चीवरून लोंबत होते. मोठ्या बाईंनी पुस्तक उघडलं. चौथं पान. माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच बाहेर आला, कारण पुस्तक त्यांनी स्वतःच्या बाजूने सुलटं धरलं होतं. आमच्या बाजूने राजहंस साफ उताणा पडला होता.

“काय दिसतं गं बाळ तुला?”

मी अदबीने म्हटलं, “बाई, जरा पुस्तक फिरवता का? उलटं आहे.”

“उलटं कसं? मला सुलटं दिसतंय.”

“यात उलट-सुलट नसतं,” वर्गाच्या बाई हळूच म्हणाल्या.

“असं कसं नसतं?” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक फिरवलं, पुन्हा फिरवलं, चष्मा कपाळावर चढवला. “हा जांभळा गोळा मात्र चित्रकाराने काय धाडसाने ठेवलाय! सगळं चित्र त्याच्यावर उभं आहे.” मला ठसका लागला. “मला तर हे खुंटीला अडकवलेलं दप्तर वाटतं. कुणीतरी विसरून गेलेलं.”

“मला वाकलेली आई वाटते,” वर्गाच्या बाई म्हणाल्या.

“सायकलची सीट आहे ती,” दारातून शिपाईमामा म्हणाले. “फाटलेली. आतला कापूस बाहेर आलाय.”

“कापूस जांभळा असतो का?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“माफ करा,” मी म्हटलं, “पण सभेच्या बहुमताने हा राजहंस ठरलेला आहे. तळमजल्याचं मत ओल असं होतं, पण ते पडलं. आणि माझ्या मुलीलाही राजहंसच...”

“अहो,” बायको म्हणाली.

“दप्तर नाही तर निदान पिशवी तरी म्हणा,” मोठ्या बाई म्हणाल्या. वर्गाच्या बाई म्हणाल्या, आईचा हात बघा ना, हा इथे. शिपाईमामा म्हणाले, माझी स्वतःची सायकल खाली उभी आहे, आणून दाखवतो. मी खिशातून सूची काढून टेबलावर उलगडली. सगळे एकदम बोलत होते आणि आवाज चढत चालले होते.

बायकोने माझ्या पायावर पाय दिला. मी बघितलं. टेबलाच्या कडेवर एक छोटासा हात वर झाला होता, हजेरीला होतो तसा. किती वेळ होता कुणास ठाऊक. कुणाचं लक्षच नव्हतं.

“एकेकाने बोला,” मुंगी म्हणाली. “आणि हात वर करा.”

आवाज थेट वर्गाच्या बाईंचा. शिपाईमामांचा हात दाराच्या कडीवर होता तो तिथेच राहिला. वर्गाच्या बाईंनी तोंडावर पदर धरला. आणि मोठ्या बाईंनी, इतक्या वर्षांच्या मुख्याध्यापिकेने, सावकाश हात वर केला.

“तुम्ही,” मुंगी म्हणाली.

“दप्तर,” मोठ्या बाई म्हणाल्या.

मुंगीने मान हलवली आणि पुढच्याकडे बघितलं. असं करत वाकलेली आई झाली, सायकलची सीट झाली. बायको म्हणाली, “मला झोपलेलं कुणीतरी दिसतं.” मग मुंगी माझ्याकडे वळली. “बाबा, तू.”

सूची माझ्यासमोर उघडी होती. त्यावर माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, राजहंस, पिलासह. मी चित्राकडे बघितलं. खरं म्हणजे नीट असं पहिल्यांदाच बघितलं. राजहंस दिसेना. ओलही दिसेना. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मुंगी माझ्या तोंडाकडे बघत होती, मांजराकडे बघते तशी, अजिबात घाई न करता.

“मला माहीत नाही गं,” मी म्हटलं. आमच्या धंद्यात हे वाक्य छापत नाहीत.

“चालेल,” मुंगी म्हणाली. “मग मी सांगू?”

मी ‘सांग’ म्हणणार होतो, पण बायकोचा पाय अजून माझ्या पायावर होता. मी नुसती मान हलवली आणि तोंड मिटून घेतलं. ते मिटून ठेवणं किती अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मुंगीने पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि फिरवून आडवं ठेवलं. तसं कुणीच धरलं नव्हतं. फक्त प्लंबरने.

“हे मांजर आहे,” ती म्हणाली. “आमच्या जिन्यातलं. ते झोपलेलं नाहीये. डोळे मिटलेत फक्त. ते ऐकतंय. सगळे जण बोलतात ना, शिंपीकाका, पोस्टमास्तर आजोबा, वरच्या बाई, ते सगळ्यांचं ऐकतं. आणि हे जांभळं त्याचं पोट आहे. ऐकलेलं सगळं तिथे ठेवलंय. आता ते भरलंय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शाई आत गेल्यासारखं मी डोळे चोळले, पण तिथे शाई नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं. दोन वाक्यांची अट केव्हाच मागे पडली होती. मोठ्या बाईंनी मधल्या मधे कागद पुढे ओढून तिचं नाव पहिलीच्या वर्गात घातलंही होतं, आणि पेन तसंच हातात धरून त्या ऐकत होत्या.

“मग आता ते काय करणार?” त्यांनी विचारलं.

मला उत्तर आलं. अगदी जिभेवर आलं. मोह आवरेना, पण नियम तो नियम, म्हणून मी हात वर केला.

“थांब बाबा,” मुंगी म्हणाली, “माझं अजून संपलं नाही.”

मी हात खाली घेतला.